डाव्या अंगठ्यावरचे पाणी

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते ती घाट चढायला मागून दुसरे इंजिन लावायचे असते म्हणून. तेवढ्या वेळात उतारू फलाटावर पाय मोकळे करतात, चहा पितात, डोंगरांकडे बघून 'वा' म्हणतात आणि निघून जातात. त्या डोंगरांच्या पायथ्याशी माणसे राहतात, भात पिकवतात आणि हुतुतूत पाहुण्यांना लुबाडतात, याची त्यांना कल्पना नसते. मला होती. मी पुण्याहून उलट्या बाजूने घाट उतरून आलो आणि मुद्दाम कर्जतला उतरलो, ते पौष सरत आला होता तेव्हा.

माझा धंदा दोर आणि बारदानाचा. आज मंडईजवळ दुकान आहे, पण सुरुवात ओट्यावर बसून सुतळी वळण्यापासून झाली. सुतळी वळताना एक टोक पायाच्या अंगठ्यात घट्ट धरावे लागते. हातांना दोन वेळा विश्रांती मिळाली तरी अंगठ्याला मिळत नाही. माझे दोन्ही अंगठे त्यामुळे लोखंडाच्या खुंटीसारखे झाले आहेत आणि जे काही मी कमावले ते त्यांच्या जोरावर. म्हणून कोणी माझ्या अंगठ्याला खोटे पाडले तर मला ते सहन होत नाही. आणि एका गावाने ते भर जत्रेत केले होते.

गाव चौक नावाच्या खेड्यापासून लोधिवलीच्या पुढे, डोंगराकडे थोडे आत आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथले लोक अजून माझ्याकडून दोर घेतात. तिथे गावदेवीच्या जत्रेला हुतुतूचा सामना होतो तो गाव आणि पाहुणे असा. जत्रेला आलेला कोणीही, गाडीवान, व्यापारी, कोणाचा जावई, पाहुण्यांच्या बाजूने खेळू शकतो. हरलेल्या बाजूच्या म्होरक्याने जिंकलेल्या बाजूच्या म्होरक्याच्या अंगठ्यावर तांब्याभर पाणी घालायचे, मग जिंकलेले पहिल्या पंगतीला बसतात. पुण्यात पाहुण्याच्या पायावर आपण पाणी घालतो. तिथे मी, पाहुणा असून, यजमानाच्या अंगठ्यावर पाणी घातले. बरीच वर्षे झाली त्याला. शेवटच्या डावात पकडलेला मी माझ्या डाव्या अंगठ्याने मधल्या रेघेला पोचलो होतो. मला रेघेची खाच अंगठ्याला लागलेली कळली होती. पण पंच होते गावचेच धर्माजी पाटील. वाकून बघितल्यासारखे केले आणि म्हणाले, "नाय पोचला."

पुण्यात येऊन हे बायकोला सांगितले. ती म्हणाली, "अंगठाच आखूड असेल." तेव्हापासून घरात काही हातून पडले, गाडी चुकली, गिऱ्हाईक गेले, की तिचे बोट माझ्या अंगठ्याकडे जाते. यंदा जायचेच असे मी ठरवले.

कर्जत ते चौक

स्टेशनाबाहेर गाडीवान घोळक्याने उभे असतात. घासाघीस केल्याशिवाय मी कुठल्या वाहनात बसत नाही, तो माझा धर्म आहे. शेवटी म्हादू नावाचा एक बारका, कुरकुऱ्या गाडीवान ठरला. भाडे मी सांगितले तेच ठरले, पण त्याने अट घातली की वाटेत त्याच्या बैलांचे कौतुक करायचे.

"पुन्यावाले निस्ते घड्याळ बघत्यात, शेठ," तो म्हणाला. "बैलांना वाईट वाटतं."

म्हादू चाबूक वापरत नाही. धुरेवर बसून तो पायाच्या अंगठ्याने बैलाला ढोसतो. डाव्या बैलाला डावा अंगठा, उजव्याला उजवा. चढाला अंगठा जोरात, उताराला नुसता टेकवलेला. बैलही त्या अंगठ्याचे ऐकतात. आमच्याकडे गाडीवानाच्या तोंडाची टकळी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येते. म्हादू सगळा प्रवास अंगठ्याने बोलला आणि तोंड माझ्यासाठी ठेवले. त्याने मला कर्जतच्या तांदळापासून स्वतःच्या सासूपर्यंत सगळे सांगितले.

भात कापून झाले होते. खाचरांत धसकटे उरली होती आणि बांधांवरून माणसे एकामागे एक चालत होती. इकडचा बांध म्हणजे वीतभर रुंदीचा. त्यावर डोक्यावर भारा घेऊन बाया अशा चालतात की भारा हलत नाही. मी नीट पाहिले, त्यांच्या पायाची बोटे पंख्यासारखी फाकलेली असतात. अंगठा एकीकडे, बाकीची चार दुसरीकडे, आणि मधे बांधाची माती पकडलेली. आमची बोटे पुणेरी जोड्यात जन्मभर एकमेकांच्या मांडीवर बसलेली. मी उतरून एक बांध चालून पाहिला आणि खाचरात उतरलो, म्हणजे पडलो. म्हादूने बैलांना सांगितले, "बघा रं, शेठ जमीन घेत्यात."

चौक आले तेव्हा समोर इरशाळचा सुळका उभा होता, डोक्याजवळ आरपार भोक असलेला. चौकात बैल सोडले, मी एका खानावळीत तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे खाल्ले. ज्वारीवर वाढलेल्या माणसाला ती भाकरी पहिल्या घासाला पाहुण्यासारखी वाटते, तिसऱ्याला घरची. सुक्या बोंबलाचे कालवण मी नको म्हटले आणि मग म्हादूच्या ताटातले दोनदा घेतले.

पोपटी आणि रेघ

गावात पोचलो तेव्हा दिवस कलला होता आणि शेतात पोपटी लागली होती. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, वर वालाच्या शेंगा, मीठ, पुन्हा पाला. मडके जमिनीवर उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा आणि गोवऱ्या रचून पेटवायचे. पाण्याचा थेंब नाही. मडके उघडले की जो वास येतो तो पुण्यातल्या कुठल्याही लग्नात येत नाही.

धर्माजी पाटील तिथेच बसले होते. म्हातारे झाले होते, पण बसण्यात तोच थाट. शेजारी त्यांचा पुतण्या रामा, गावाचा म्होरक्या. त्या वर्षी मी पाणी घातले ते याच्याच अंगठ्यावर. तेव्हा तो कोवळा होता, आता दाराच्या चौकटीएवढा झाला आहे.

"दोरवाले शेठ," धर्माजी म्हणाले, "या. जून झालात. यंदा बघायला का खेळायला?"

"खेळायला. पण एक बोलणे करून."

"हां. यांचं बोलनं असतंच," रामा शेंग सोलत म्हणाला.

मी म्हटले, "दरवर्षी तुम्ही पहारीने रेघ ओढता. खाच कोणाला दिसते? यंदा रेघ राखेची हवी. मैदान शेणाने सारवलेले काळे, त्यावर पांढरी राख. मेलेल्या माणसालाही दिसेल."

"राख कुठनं आनायची?"

मी पोपटीकडे बोट दाखवले. धर्माजी हसले. म्हणाले, "आमची पोपटी तुमीच खानार, आन् राख बी तुमाला?"

"शेंगा तुमच्या, राख माझी. मी गोळा करतो, मी आणतो. चारी बाजूंच्या रेघा आणि मधली."

बराच वेळ चालले. त्यांचे म्हणणे, पहारीची रेघ बापजाद्यांपासूनची. माझे म्हणणे, बापजाद्यांना दिसत असेल. त्यावर मंडळी खाली बघून शेंगा सोलू लागली, कारण धर्माजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ते सगळ्यांना माहीत होते. त्यांनी माझ्याकडे बघितले, किंवा माझ्या दिशेला, आणि म्हणाले, "घाल राख."

ठेच

सकाळी राख निवली होती. माझ्याच दुकानातल्या एका गोणीत ती भरली आणि खांद्यावर टाकून मैदानाकडे निघालो. बांधावरून. मागच्या दिवशीचा धडा आठवून जोडे काढून हातात घेतले होते आणि बोटे फाकून चालायचा प्रयत्न करत होतो. डोक्यात रामाला काय बोलायचे त्याची जुळवाजुळव चालली होती. त्या नादात उजव्या अंगठ्याला दगड लागला.

ठेच म्हणजे काय ते लिहून कळत नाही. नख अर्धे वर आले. मी खाली बसलो आणि गोणी खाचरात सांडली. निम्मी राख धसकटांत गेली. मी त्या दगडाला, गावाला आणि धर्माजींच्या बापजाद्यांना जे बोललो ते इथे छापण्यासारखे नाही.

ते ऐकून मोळी घेऊन चाललेली एक ठाकरीण थांबली. वरच्या वाडीतली, सोमी नाव. मोळी उतरवून तिने माझा पाय बघितला, तुंबडीतले पाणी ओतून धुतला आणि झाडीत गेली. परत आली ती हातात डिंकाचा गोळा आणि एक रुंद पान घेऊन. झाडाचे नाव तिने सांगितले, मला कळले नाही.

"दुखंल?" मी विचारले.

"दुखंल." मग माझ्या खांद्यावरच्या नमुन्याच्या दोराकडे बघून म्हणाली, "यो दोर दे. मोळी बांधाया."

तो दोर मी दाखवायला आणला होता, द्यायला नाही. मी म्हटले, "अर्धा देतो."

तिने डिंक माझ्या नखाच्या एका बाजूला लावला आणि हात आखडला. "आर्ध्यात आर्धा झाला," ती म्हणाली.

मी आयुष्यात पुष्कळांशी घासाघीस केली आहे, पण जखम उघडी ठेवून भाव करणारे कोणी भेटले नव्हते. सबंध दोर दिला. तिने नखावर चांगला जाड डिंक थापला, वर पान गुंडाळले आणि दोराचाच एक पदर सोडवून त्याने बांधले. डिंक असा चिकट की तिची स्वतःची बोटे सुटेनात.

"पानी लावू नको," ती मोळी उचलताना म्हणाली. "सुटंल. मंग नख बी जाईल."

सामना

उरलेली राख फक्त मधल्या रेघेला पुरली. बाजूच्या रेघा पहारीनेच ओढाव्या लागल्या. रामा म्हणाला, "शेठचा माल नेहमी कमीच भरतो." लोक हसले. मी लंगडत होतो, त्यालाही हसले.

पाहुण्यांच्या बाजूला आम्ही सातजण. म्हादू, खालापूरकडचे दोघे कुंभार, तीन जावई आणि मी. जावई सासऱ्यांसमोर पडायला घाबरत होते, त्यामुळे लवकर बाद झाले. कुंभार चांगले खेळले. म्हादू तर असा निसटायचा की पकडणाऱ्याच्या हातात धोतराची कड राहायची. पण शेवटी तोही गेला आणि जाता जाता म्हणाला, "शेठ, बैलांकडं बघा आन् खेळा." आमच्याकडे मी एकटा उरलो. त्यांच्याकडे रामा आणि आणखी एक धिप्पाड गडी. मी दोघांना शिवून परत आलो, किंवा पकडला जाऊनही दम न तोडता रेघेला पोचलो, तर दोघेही बाद, सामना पाहुण्यांचा. दम तुटला किंवा पोचलो नाही तर पुन्हा तांब्या माझ्या हातात.

मी दम घातला आणि आत शिरलो. 'हुतुतुतू' म्हणत एकदा कोपऱ्यात गेलो, एकदा मागे आलो. त्या गड्याला शिवलो, तोच रामाने कमरेला मिठी घातली आणि दुसऱ्याने खांदा धरला. आम्ही तिघेही पडलो, मी पालथा, तोंड त्यांच्या मुलखाकडे, पाय आमच्याकडे. ते मला आत ओढत होते. नाकात शेण, पाठीवर दोन माणसे, आणि दम तर चालूच ठेवायचा. मी बोटांनी जमीन उकरत मागे सरकलो, बोटभर, आणखी बोटभर. उजवा पाय लांब केला. ठणकत होता. अंगठा ताणला, सुतळीचे टोक धरताना ताणतो तसा, आणि तो खाली काहीतरी मऊ आणि भुसभुशीत अशा गोष्टीत रुतला.

मी दम सोडला.

"नाय पोचला," रामा पाठीवरूनच म्हणाला.

लोक पुढे सरकले. धर्माजी काठी टेकत आले. वाकले. मधली रेघ तिथे झटापटीत विस्कटलेली होती, कोणाच्या पायाने ते कोण सांगणार. म्हातारा तोच, वाकणेही तेच. त्यांचे तोंड उघडताना मला 'नाय' दिसला.

"थांबा," मी म्हटले. "बोलू नका. आधी अंगठा बघा."

मी उठलो नाही. पालथाच पडून पाय वर केला. सोमीचे पान गेले होते. नखावरचा डिंक उघडा पडला होता आणि त्यावर पांढऱ्या राखेचा जाड थर बसला होता, लाडवावर खसखस बसते तसा.

"राख तर आत येतानाच लागली आसंल," रामा म्हणाला. "रेघ वलांडून आलास ना?"

याच प्रश्नाची मी वाट बघत होतो असे म्हणणे खोटे होईल. त्याने विचारला तेव्हाच मला उत्तर दिसले. मी म्हटले, "आत आलो तेव्हा अंगठ्याला पान बांधलेले होते. सगळ्यांनी बघितले, हसलात सगळे. ते पान कुठे आहे आता?"

सगळे शोधू लागले. पान रामाच्याच टाचेखाली होते, त्यांच्या मुलखात, पार आतल्या बाजूला, जिथे त्याने मला मिठी घातली तिथे. माझ्याच दोराच्या पदराची गाठ सुटून ते पडले होते. माझा दोर सुटला याचा मला जन्मात एवढा आनंद झालेला नाही.

"पान तुमच्या मुलखात सुटले," मी म्हणालो. "तोवर डिंक झाकलेला. बाजूच्या रेघा पहारीच्या, त्यांत राख नाही. सबंध मैदानात राख एकाच जागी. मग पान सुटल्यावर माझ्या नखावर राख आली कुठून, रामभाऊ?"

रामा उठून बसला. त्याने पान हातात घेतले, उलटेपालटे केले. आतल्या बाजूला नुसता डिंक होता, राखेचा कण नव्हता. धर्माजींनी माझा अंगठा धरला, नखावर बोट फिरवले आणि ते बोट त्यांना सुटेना. सगळ्यांसमोर ते माझ्या अंगठ्याला चिकटून बसले. गर्दीतून कोणी बाई म्हणाली, "पाटील, आता तरी सोडा त्याचा अंगठा." मग जो हशा उठला त्यात धर्माजीही सामील झाले.

बोट सुटल्यावर ते म्हणाले, "पोचला."

म्हादूने मला उचलायचा प्रयत्न केला. तो बारका, मी जाड. दोघेही पुन्हा पडलो.

तांब्या

देवळासमोर पाट मांडला. मी बसलो. रामा तांब्या घेऊन आला. चेहरा कडू, पण रीत म्हणजे रीत. मी इतकी वर्षे या पाण्याची वाट पाहिली होती. रात्री बायकोचे ऐकून घेताना हाच तांब्या डोळ्यांसमोर यायचा. त्याने तो वाकडा केला आणि मला सोमीचे बोलणे आठवले. पाणी लागले की डिंक सुटणार, नख जाणार, आणि त्याबरोबर राखही. पुण्यात जाऊन काय दाखवू?

मी उजवा पाय मागे घेतला.

"काय झालं?" रामा म्हणाला. "पानी बी नको व्हय आता?"

"हवे. पण यावर नको." मी डावा पाय पुढे केला. "यावर घाल."

धर्माजी बाजूलाच बसले होते. म्हणाले, "शेठ, रीत हाय ती जिंकलेल्या अंगठ्याची. हा डावा तर आज कायच बोलला नाय."

"आज नाही, पाटील. त्या वर्षी बोलला होता. तुम्ही ऐकले नाहीत."

धर्माजींनी माझ्या डाव्या अंगठ्याकडे बघितले, तो कुठे आहे ते नीट दिसावे म्हणून जरा पुढे वाकले. मग हात पुढे केला. "आन रं रामा, तांब्या हिकडं."

आणि त्यांनी स्वतः पाणी घातले. सावकाश, सगळा तांब्या, शेवटच्या थेंबापर्यंत.

पहिल्या पंगतीला आम्ही सातजण बसलो. जावयांना सासऱ्यांनी स्वतः वाढले. भाताचा ढीग, त्यावर वालाचे बिरडे, आणि मला एक वाटी जास्त. संध्याकाळी म्हादूच्या गाडीतून खालापूर, शिळफाट्यावरून खोपोलीला आलो. उजवा पाय मी गाडीबाहेर काढून ठेवला होता, राख हलू नये म्हणून. रस्त्याने भेटेल तो विचारायचा, "काय लागलं, शेठ?" आणि मी म्हादूला गाडी थांबवायला सांगून पहिल्यापासून सगळे सांगायचो.

खोपोलीहून कर्जतकडे जाणाऱ्या आगगाडीत बसलो तेव्हा उजवा अंगठा पांढरा होता. डावा मला अजून ओलाच वाटत होता, आणि मी तो पुसला नव्हता.